गुड फ्रायडे : नाव ‘गुड’, मग शुभेच्छा का द्यायच्या नाहीत?

कुपवाड : गुड फ्रायडेच्या सकाळी मोबाइलवर ‘हॅपी गुड फ्रायडे’चे मेसेज हमखास येतात. पाठवणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते. पण ख्रिस्ती घरात हा दिवस सणाचा नाही, शोकाचा आहे. रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या हुकमाने येशू ख्रिस्ताला क्रूसावर खिळे ठोकून मारण्यात आले, त्याची ही आठवण.

सगळा घोळ ‘गुड’ या शब्दाचा. जुन्या इंग्रजीत त्याचा एक अर्थ ‘पवित्र’ असाही होता, तोच या नावात टिकून राहिला. जर्मन भाषेत तर याला सरळ शोकाचा शुक्रवार म्हणतात. मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘उत्तम शुक्रवार’ किंवा ‘शुभ शुक्रवार’ हे शब्द रूढ आहेत. येशूने माणसांच्या पापांसाठी प्राण दिला, त्यातून तारण झाले, या श्रद्धेमुळे दुःखाच्या दिवसालाही ‘उत्तम’ म्हटले जाते.

तारीख दरवर्षी का बदलते?

हे कोडे कालनिर्णय पाहणाऱ्याला सहज सुटते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर आणि त्याच्या आधीचा शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. चर्चची पौर्णिमा ठरलेल्या कोष्टकावरून काढतात, तरी ती आपल्या पंचांगाच्या आसपासच असते. म्हणून हा दिवस कधी होळीनंतर येतो, तर कधी हनुमान जयंतीजवळ. 2024 मध्ये धुळवडीनंतर चारच दिवसांनी, 29 मार्चला गुड फ्रायडे होता. 2026 मध्ये 2 एप्रिलला हनुमान जयंती आणि लगेच 3 एप्रिलला गुड फ्रायडे.

चर्चमध्ये काय होते?

कुपवाडला लागूनच असलेल्या मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केले. या भागातील प्रोटेस्टंट परंपरा अशा मिशनच्या कामातून वाढली. प्रोटेस्टंट चर्चमध्ये या दिवशी साधारण दुपारी बारा ते तीन अशी दीर्घ उपासना असते. शुभवर्तमानानुसार याच तीन तासांत अंधार पडला होता आणि तीनच्या सुमारास येशूने प्राण सोडला. क्रूसावरून त्याने काढलेल्या सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचने होतात. मारणाऱ्यांना क्षमा करण्याची विनंती, शेजारच्या क्रूसावरील गुन्हेगाराला दिलेले आश्वासन, आईला शिष्याच्या हवाली करणे, देवाने सोडून दिल्याचा आक्रोश, तहान, काम पूर्ण झाल्याचा उच्चार आणि शेवटी आत्मा पित्याच्या हाती सोपवणे. आईविषयीच्या उद्गारापाशी डोळे पुसणारे बरेच असतात.

कॅथलिक चर्चमध्ये या दिवशी मिस्साच होत नाही. वेदीवरचे कापड, फुले, मेणबत्त्या काढून ती उघडी ठेवतात. घंटा वाजत नाही, काही ठिकाणी त्याऐवजी लाकडावर लाकूड आपटतात. भाविक क्रूसाला वंदन करतात आणि ‘क्रूसाची वाट’ ही चौदा टप्प्यांची प्रार्थना करतात.

उपवासही आहे, पण साबुदाण्याच्या खिचडीचा नव्हे. कॅथलिक नियमानुसार 18 वर्षांपासून साठीत पाऊल टाकेपर्यंतच्या निरोगी माणसाने दिवसात एकदाच पोटभर जेवायचे, मांस वर्ज्य. राखेच्या बुधवारी सुरू झालेला चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ इथे शेवटाला येतो.

ही कथा मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराणात ती ओव्यांत सांगितली आणि ते पुराण 1616 मध्ये छापले गेले.

मग शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला काय म्हणायचे? शुक्रवारी काही नाही म्हटले तरी चालते. शनिवारी रात्री कॅथलिक चर्चमध्ये नवा अग्नी पेटवून मोठी मेणबत्ती लावतात, गप्प असलेल्या घंटा पुन्हा वाजतात. अनेक ठिकाणी रविवारी पहाटेच लोक कबरस्तानात जाऊन प्रार्थना करतात. तो ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस. शुभेच्छांचा मेसेज तेव्हा पाठवावा.