इंजिनाच्या बोल्टमागची फट

शिरवळ हे पुणे-सातारा रस्त्यावरचे गाव. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो आणि खंडाळा मागे पडले की खंबाटकीचा घाट. कारखान्याच्या पाळीला, पाहुण्यांकडे, बाजाराला जुन्या बुलेटवर जाणारी माणसे ह्या रस्त्यावर अजून दिसतात. आमच्या घरीही एक आहे. थोरल्या बंधूंनी जुनीच विकत घेतलेली, लोखंडी सिलिंडरची ३५० सी. सी.

घाट चढताना हाताला मुंग्या येऊ लागल्या. गॅरेजात दाखवली. ‘फौंडेशनचा बोल्ट ढिला आहे’ म्हणून पान्याला पाइप लावून तो करकचून आवळला गेला. आम्हीही खूश झालो. पंधरा दिवसांत इंजिनाचा एक कान तडकला. तो ॲल्युमिनियमचा, त्यामुळे जोडण्यासाठी सगळे इंजिन उघडावे लागले. त्या महिन्याचा किराणा उधारीवर आला आणि पाळीला एस.टी.ने जावे लागले.

पुढे गल्लीतल्या एका निवृत्त फिटर काकांनी गाडीपाशी बसून दाखवले. ते म्हणाले, ‘‘अहो, इथे फट होती. ती भरायची सोडून बोल्टने ओढून बुजवली. मग कान तडकणार नाही तर काय?’’

वाचकहो, ही बाब समजून घेण्यासारखी आहे. मद्रासला १९५५ साली एनफिल्ड इंडिया सुरू झाली. तेव्हापासून कित्येक वर्षे निघालेल्या बुलेटच्या चेसीला इंजिनाखालून जाणारी नळी नव्हती. पुढची नळी इंजिनापाशी येऊन थांबते, मागचा भाग पलीकडे सुरू होतो आणि मधला दुवा म्हणजे खुद्द इंजिन. त्यात एकच मोठा पिस्टन. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर तो सेकंदाला ५० वेळा वर जाऊन खाली येतो, तोही प्रत्येक खेपेस ९० मिलिमीटर. एवढा हादरा फौंडेशनच्या प्लेटी आणि बोल्ट सोसतात. कान आणि प्लेट ह्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली आणि बोल्ट आवळला, तर कान वाकून ताणात राहतो. त्यावर हादरे बसत गेले की तडा जातो.

आता रीत. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन थंड. इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यावा, मात्र तो तेल सोडण्याच्या बोल्टवर येऊ देऊ नये. टाकीखाली हेडला धरणारी पट्टी असते, ती आधी सोडावी. मग बाकीचे बोल्ट ढिले करावेत, सगळे एकदम काढू नयेत. इंजिन आपल्या जागी निवांत बसले की कान आणि प्लेट ह्यांच्यात फिलर गेज घालून फट मोजावी. तेवढ्याच जाडीचे पोलादी वायसर किंवा पत्र्याची चकती तिथे घालावी. बोल्ट हाताने सरकत आत गेला पाहिजे. हातोडी लागत असेल तर भोके समोरासमोर नाहीत असे समजावे.

चकती कोणत्या बाजूला घालायची ह्याकडे मात्र नीट लक्ष द्यावे. ह्या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पाठीलाच जोडलेला आहे. चुकीच्या बाजूला चकती घातली तर दोन्ही मिळून बाजूला सरकतात, मागची चेन तिरकी चालते आणि दातेचक्र खाते. म्हणून चेनची रेघ सरळ पट्टी लावून पाहावी. सगळे बोल्ट आधी हाताने बसवून मग थोडे थोडे आवळावेत. हेडची पट्टी सर्वांत शेवटी, आणि तीही इंजिनाला न ओढता.

विलायतेतल्या नॉर्टन कंपनीने १९६७ साली कमांडो नावाच्या गाडीत उलटाच विचार केला. तिथे इंजिन रबरावर बसवले आणि बाजूला मुद्दाम बारीक फट ठेवली. तीही चकत्यांनीच जुळवायची, इंचाचे सुमारे दहा हजारांश, म्हणजे पाव मिलिमीटर. फट फार कमी झाली तर हादरा अंगाला येतो, फार वाढली तर गाडी वळणावर डुलते. पण बुलेटला ते लागू नाही, तिथे फट शून्यच हवी. कुणी हौसेने रबराचे वायसर घालतात, ते करू नये.

आमच्या गाडीला दोन चकत्या लागल्या. काकांनी पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. शंभरेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा पाहायला सांगितले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुतणी टॉर्च धरते आणि आम्ही जोडलेल्या कानावरून बोट फिरवून पाहतो.