विश्लेषण : ‘थिन अँड लाइट’ लॅपटॉपमधले ग्रॅम नेमके कुठून कमी होतात?

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. त्यामुळे २०१६-१७ मध्ये घेतलेला लॅपटॉप अजून वापरणारी अनेक घरे सध्या नव्याच्या शोधात आहेत. मुलाचे किंवा मुलीचे इंजिनीअरिंगचे पहिले वर्ष, पन्नास-साठ हजारांचे बजेट, बहुतेकदा हप्ते आणि अपेक्षा एकच : हलका हवा, रोज न्यायचा आहे.

दुकानात हा निर्णय हातानेच होतो. लॅपटॉप उचलला, ‘अरे, काहीच वजन नाही’ असे तोंडून निघाले की निम्मी विक्री झालेली असते. पण पावणेदोन किलोच्या यंत्रातून चारशे ग्रॅम काढायचे तर ते कुठून तरी काढावेच लागतात : बॅटरीतून, पंख्यातून, बॉडीतून किंवा मेमरीच्या स्लॉटमधून. यातली काही काटछाट चार वर्षांत कधी जाणवत नाही, तर काही पहिल्याच उन्हाळ्यात जाणवते. त्यामुळे लॅपटॉप किती हलका आहे यापेक्षा तो कशामुळे हलका झाला, हे विचारणे जास्त फायद्याचे.

हलका म्हणजे किती किलो?

आजच्या बाजारात १४ इंची लॅपटॉप साधारण १.४ किलोच्या आसपास आणि १५.६ इंची १.६ ते १.८ किलोपर्यंत असतो. १.३ किलोच्या खाली असलेल्याला हलका म्हणायला हरकत नाही. या शर्यतीची सुरुवात जानेवारी २००८ मध्ये झाली, असे मानले जाते. स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून पहिला मॅकबुक एअर बाहेर काढला. त्याचे वजन होते १.३६ किलो. त्यासाठी सीडी ड्राइव्ह आणि इंटरनेटच्या केबलचा पोर्ट काढून टाकला होता, यूएसबी पोर्ट एकच उरला होता आणि बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता येत नव्हती. तेव्हा काय गेले हे निदान डोळ्यांना दिसत होते. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ची कल्पना मांडल्यावर विंडोज लॅपटॉपही त्याच वाटेने निघाले आणि आता बहुतेक काटछाट झाकणाच्या आत होते.

कंपनीच्या संकेतस्थळावरचा वजनाचा आकडा वाचताना ‘पासून सुरू’ हे बारीक शब्द पाहावेत. तो आकडा सर्वात हलक्या प्रकाराचा असतो आणि त्यात चार्जर नसतो. जुन्या पद्धतीचा, जाड केबलचा ६५ वॅटचा चार्जर तीनशे ग्रॅमच्या वर सहज जातो. म्हणजे १.३ किलोचा म्हणून घेतलेला लॅपटॉप सॅकमध्ये १.६ किलोचा होतो. कल्याण-डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये सॅक छातीशी धरून तासभर उभे राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गॅलियम नायट्राइड तंत्राचा, म्हणजे ‘गॅन’ म्हणून विकला जाणारा ६५ वॅटचा चार्जर याच्या निम्म्याहून कमी वजनाचा असतो. मात्र तो उपयोगी पडण्यासाठी लॅपटॉप टाइप-सी पोर्टवरून चार्ज व्हायला हवा. काही स्वस्त मॉडेलमध्ये टाइप-सी पोर्ट असतो, पण तो फक्त डेटासाठी, आणि चार्जिंगला गोल पिनच लागते. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता दुकानात टाइप-सी चार्जर लावून पाहावा.

‘१२ तास बॅटरी’ यावर किती विश्वास ठेवावा?

जवळपास शून्य. हे तास बहुतेकदा कमी ब्राइटनेसवर, साठवलेला व्हिडीओ सलग चालवून मोजलेले असतात. तळटीप वाचली तर तिथे ‘१५० निट्स’ वगैरे लिहिलेले सापडते. कोणी तसे काम करत नाही. पाहायचा आकडा एकच : बॅटरीची क्षमता वॅट-अवरमध्ये किती. एक वॅट वीज तासभर पुरवली की एक वॅट-अवर. बॅटरीवर फक्त मिलीअँपिअर-अवर आणि व्होल्ट दिले असतील, तर मिलीअँपिअर-अवरला हजाराने भागून व्होल्टने गुणायचे.

आता हिशेब करू. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, वर्ड, मधूनच व्हिडीओ कॉल अशा कामात हलका लॅपटॉप सरासरी आठ वॅटच्या आसपास वीज खातो असे धरू. ४२ वॅट-अवरची बॅटरी सव्वापाच तास चालेल, ६० वॅट-अवरची साडेसात तास. दोन-तीन वर्षांनी दोन्हींची क्षमता ऐंशी टक्क्यांवर आली, की पहिली चार तासांवर येते आणि दुसरी सहा तास टिकते. कॉलेजच्या वर्गात प्रत्येक बाकाशी प्लग नसतो, तेव्हा हे दोन तास फार मोठे असतात.

आणि या दोन तासांच्या बदल्यात वजन किती वाचले? चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे साधारण २५० वॅट-अवर ऊर्जा मावते. १८ वॅट-अवर कमी केले तर वाचले जेमतेम ७०-७५ ग्रॅम, म्हणजे एका मध्यम कांद्याएवढे. स्वस्त लॅपटॉपमध्ये छोटी बॅटरी असते त्याचे मुख्य कारण खर्च आहे, वजन नाही. ‘हलका’ या शब्दाने ते झाकले जाते, इतकेच.

मोठ्या बॅटरीसहही वजन कमी ठेवता येते, हे एलजीच्या ‘ग्रॅम’ मालिकेने दाखवून दिले. तिच्या १४ इंची लॅपटॉपचे वजन ९९९ ग्रॅम आणि बॅटरी ७२ वॅट-अवरची होती. यासाठी बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची वापरली. एक घनसेंटिमीटर अॅल्युमिनियम २.७ ग्रॅम भरते, मॅग्नेशियम १.७४ ग्रॅम. अशी बॉडी दाबल्यावर किंचित लवते आणि पाहणाऱ्याला ती प्लास्टिकची, कमी दर्जाची वाटते. ते बरोबर नाही. पण ती महाग पडते आणि पन्नास हजारांत सहसा मिळत नाही. (अॅल्युमिनियम बॉडीबद्दलची एक नेहमीची तक्रार : चार्जिंगला लावल्यावर मनगटाला मुंग्या येतात. बहुधा तो बिघाड नसतो. दोन पिनांचा प्लग किंवा अर्थिंग नसलेला सॉकेट यामुळे चार्जरच्या फिल्टरमधला अत्यंत सूक्ष्म प्रवाह बॉडीवर येतो. तीन पिनांची केबल आणि नीट अर्थिंग असले की तो थांबतो. जोराचा झटका बसत असेल तर मात्र लगेच बंद करून दाखवून घ्यावा.)

शोरूममध्ये वेगवान, घरी मंद, असे का?

प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. पातळ बॉडीत पंखा लहान, हवेची वाट अरुंद, काहींमध्ये पंखाच नाही. २०२० चा एम१ मॅकबुक एअर पंख्याविना येऊनही रोजच्या कामात उत्तम चालला, कारण त्याची चिपच कमी तापणारी होती. त्यामुळे पंखा नसणे हा दोष नाही. गरम होणारी चिप आणि अपुरा पंखा ही जोडी मात्र वाईट.

यात आपल्याकडचा उन्हाळा धरायला हवा. उष्णता बाहेर पडण्याचा वेग चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरतो. चिपची मर्यादा १०० अंश धरली, तर २४ अंशांच्या वातानुकूलित शोरूममध्ये हा फरक ७६ अंशांचा असतो. मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात खोली ४२ अंशांवर असेल तर तो उरतो ५८. म्हणजे थंड होण्याची जवळपास पाव क्षमता गेली, तीही लॅपटॉपमध्ये काही बिघाड नसताना. गादीवर ठेवून खालची जाळी बंद केली तर विचारूच नका. दुकानात पाच मिनिटे वेबसाइट उघडून हे कळत नाही. चार्जर काढून, पूर्ण ब्राइटनेसवर, ‘फोरके’ व्हिडीओ आणि सात-आठ टॅब एकत्र वीस मिनिटे चालू द्यावेत. तळाला हात लावावा, पंख्याचा आवाज ऐकावा. विक्रेता कुरकुर करेल, करू द्यावी.

प्रोसेसरच्या नावांचा घोळ वेगळाच आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत चार अंकांपैकी तिसरा अंक चिपची मूळ रचना सांगतो. रायझन ५ ७५२०यू हे नाव नवे वाटते, पण तिसरा अंक २ आहे, म्हणजे ‘झेन २’ रचना, जी २०१९ मध्ये बाजारात आली. ७५३०यू आणि ७५४०यू अनुक्रमे पुढच्या रचनांचे. इंटेलच्या कोअर ५ १२०यू आणि कोअर अल्ट्रा ५ १२५यू यांत ‘अल्ट्रा’ एवढाच फरक दिसतो, प्रत्यक्षात पिढी वेगळी आहे. कोअर आय३ एन३०५ मध्ये ‘८ कोअर’ असतात, पण आठही वीज वाचवणारे छोटे कोअर. ईमेल, वर्ड, ऑनलाइन वर्ग यांना तो पुरतो. त्यासाठी साठ हजार मात्र मोजू नयेत.

नंतर रॅम वाढवू, हे चालेल का?

इथेच सर्वात जास्त पैसे वाया जातात. रॅमची सुटी पट्टी बसवण्याचा स्लॉट उंची खातो, म्हणून पातळ लॅपटॉपमध्ये मेमरीच्या चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर करतात. वीजही कमी लागते. पण घेतली तेवढीच मेमरी शेवटपर्यंत. ‘आत्ता ८ जीबी घ्या, पुढे वाढवून देऊ’ हे वाक्य जुन्या लॅपटॉपसाठी खरे होते. आता ते तपासून घ्यावे लागते.

तपासणे सोपे आहे. डेमो लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरीवर जा. खाली ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसले तर मेमरी सोल्डर केलेली आहे; ‘एसओडीआयएमएम’ असेल तर पट्टी आहे. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ पानावर ‘युजेबल’ शब्दापुढचा आकडाही पाहावा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससाठी याच मेमरीतून वाटा काढला जातो. ८ जीबीच्या काही मॉडेलमध्ये प्रत्यक्ष वापरायला सहाच्या आसपास जीबी उरतात. विंडोज ११ स्वतः सुरू होऊन, अँटिव्हायरस आणि क्रोम उघडेपर्यंत त्यातले बरेचसे संपलेले असते.

मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस’ लॅपटॉपसाठी किमान १६ जीबीची अट घातली. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची सुरुवात ८ वरून १६ जीबीवर नेली. पण २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिप महागल्या आणि ८ जीबीचा मोह पुन्हा वाढला. बजेट ताणणे शक्य नसेल तर एक अदलाबदल करता येते : ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी यापेक्षा १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी घ्यावी. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी नंतर बदलता येते, सोल्डर केलेली रॅम येत नाही. मॅकबुक एअरला हा उपाय लागू नाही, त्यात दोन्ही घेतानाच ठरवायचे.

स्क्रीन आणि कीबोर्ड

स्क्रीनबद्दल दोनच आकडे पुरेत. २५० निट्स असेल तर खिडकीशेजारी बसून काम करणे त्रासाचे. ३०० किंवा जास्त हवेत. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिले असेल तर रंग फिके दिसतील. फोटो किंवा डिझाइनचे काम असेल तर ‘१०० टक्के एसआरजीबी’ पाहावे.

कीबोर्डवर मराठी टाइप करून पाहिल्याशिवाय उठू नये. इनस्क्रिप्टमध्ये ‘क’चा ‘ख’ आणि ‘ग’चा ‘घ’ शिफ्ट दाबून येतो, म्हणजे इंग्रजीपेक्षा शिफ्टचा वापर कितीतरी जास्त. जागा वाचवण्यासाठी काही लॅपटॉपमध्ये उजवीकडचा शिफ्ट अर्धा केलेला असतो आणि बोट शेजारच्या बाणावर पडते. दिवसाला दोन पाने लिहिणाऱ्याला हे प्रोसेसरपेक्षा जास्त छळते.

स्नॅपड्रॅगनवाले घ्यावेत का?

२०२४ च्या मध्यापासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपचे विंडोज लॅपटॉप मिळू लागले आहेत. बॅटरी चांगली टिकते, तापणे कमी. विद्यार्थ्याला ब्राउझर आणि ऑफिसपुरते ते छान आहेत. अडचण वेगळ्या ठिकाणी येते. नेहमीच्या विंडोजसाठी लिहिलेली बरीच सॉफ्टवेअर त्यावर भाषांतराच्या थरातून चालतात, पण ड्रायव्हर तसे चालत नाहीत. ते एआरएमसाठी वेगळे बनवलेलेच लागतात. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन, अंगठ्याचे बायोमेट्रिक यंत्र, दहा वर्षांपूर्वीचा प्रिंटर, हार्डवेअर लॉक लावून चालणारे जुने मराठी डीटीपी सॉफ्टवेअर यातले काही रोज लागत असेल, तर त्या उत्पादकाकडे एआरएम ड्रायव्हर आहे का, हे आधी पाहावे. सेवा केंद्र, करसल्लागार किंवा निविदा भरणाऱ्यांनी तर नक्कीच.

शेवटी बिलाबद्दल. एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-पाच प्रकार असतात : कुणात ४५ टक्क्यांची स्क्रीन, कुणात चांगली, कुणात ४२ वॅट-अवर, कुणात ६०. फरक फक्त मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या दोन-चार अक्षरांत दिसतो. टेबलावर मांडलेला डेमो आणि गोदामातून येणारे खोके यांच्यावरचा पूर्ण क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवून पाहावा, तोच बिलावर लिहून घ्यावा आणि ‘ऑनसाइट वॉरंटी’ असेल तर तुमचा पिनकोड तीत येतो का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारून घ्यावे.