आईच्या दुधातले कोकरू

पहिल्यांदा दही फाटले तेव्हा मी दोष गॅसला दिला. दुसऱ्यांदा दह्याला. तिसऱ्यांदा पातेल्यात हिरवट पाणी आणि त्यात तरंगणारे पांढरे कण दिसले, तेव्हा कळले की मांसावर एवढे लक्ष ठेवण्याची काही गरज नव्हती. या पदार्थातली मेख दह्यात आहे.

पदार्थ लेबनॉनचा, नाव ‘लबन उम्मो’. कोवळ्या कोकराचे मांस छोट्या अख्ख्या कांद्यांबरोबर शिजवायचे, मग ते उकळत्या दह्यात सोडायचे, वरून लसूण आणि वाळलेला पुदिना. हळद नाही, तिखट नाही. नावाचा अर्थ ‘त्याच्या आईचे दूध’. ‘त्याच्या’ म्हणजे कोकराच्या.

मांसाची अडचण पुण्यात येत नाही. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकड. पण ‘बोल्हाईचे मटण’ अशी पाटी असलेल्या दुकानात मेंढीचेच मिळते. वाडेबोल्हाईची देवी ज्यांची, त्यांना शेळी-बोकड वर्ज्य. मेंढीचे दही मात्र मला मिळाले नाही. गाईचे वापरले आणि तिथेच फसलो.

दुधातले केसीन हे प्रथिन अगदी बारीक कणांच्या रूपात तरंगत असते. विरजण लागले की आंबटपणामुळे हे कण एकमेकांना धरतात, त्यांची सैल जाळी होते, जाळीत पाणी अडकते. ते दही. त्याला उष्णता दिली की जाळी आवळते आणि पाणी बाहेर टाकते. आपण कढीला बेसन लावतो ते नुसते दाटपणासाठी नाही. पिठातला स्टार्च फुगून या कणांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. लेबनॉनमध्ये हेच काम मक्याचे पीठ किंवा अंड्याचा पांढरा बलक करतो. दही थंड असतानाच ते त्यात घोटायचे, मंद आचेवर ठेवायचे आणि उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही. एकाच दिशेने ढवळावे असे जुन्या बायका सांगतात. दिशेने काही बिघडत नसावे, पण दिशा सांभाळणारा माणूस निदान पातेल्यापासून हलत नाही. शिवाय मेंढीच्या दुधात स्निग्धांश सुमारे ७ टक्के, गाईच्या दुधात ४ च्या आसपास. प्रथिनेही मेंढीच्या दुधात बरीच जास्त. त्या दाट दह्यावर बेतलेली कृती मी आपल्या पातळ दह्यावर करत होतो.

एकदा हे जमल्यावर त्याची भावंडे शोधायचा नाद लागला. अल्बानियात एल्बासान शहराच्या नावाने ओळखली जाणारी ‘तावे कोसी’ आहे: कोकराचे मांस आणि थोडा तांदूळ, त्यावर दही, अंडी आणि लोण्यात परतलेले पीठ यांचे मिश्रण, आणि वर तांबूस साय येईपर्यंत भट्टीत. जॉर्डनचे ‘मन्सफ’ तर राष्ट्रीय पक्वान्नच. २०२२ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत ते घेतले. त्यात ताजे दही नसते, ‘जमीद’ असते. ताक घुसळून लोणी काढायचे, उरलेल्याचे पाणी निथळायचे, मीठ घालून गोळे वळायचे आणि उन्हात दगडासारखे होईपर्यंत वाळवायचे. करक गावाचे जमीद नावाजलेले. हवे तेव्हा गोळा भिजवून वाटला की मांस शिजवायला आंबट रस्सा तयार. पातळ पोळीवर भात, भातावर मांस, त्यावर हा रस्सा. आणि सगळ्यांनी एकाच परातीभोवती उभे राहून उजव्या हाताने खायचे.

दूध उन्हाळी वाळवणासारखे का साठवावे लागले? कारण मेंढी वर्षभर दूध देत नाही. ती विते, त्यानंतरचे काही महिनेच दूध असते. आणि कळपाला नर फार लागत नाहीत. तीस-चाळीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. म्हणजे जन्मलेल्या नर कोकरांपैकी बहुतेक सगळी कळपाला जास्तीची. ती कापली की मांस मिळते आणि त्यांनी प्यायले असते ते दूधही माणसाच्या भांड्यात येते. कोवळे मांस आणि भरपूर दूध एकाच हंगामात, एकाच घटनेतून घरात येतात. कुणा कल्पक आचाऱ्याने ही जोडी जमवलेली नाही. लबन उम्मो हे नाव मला आधी काव्यात्म वाटले होते. कळपाचा हिशेब समजल्यावर ते जमाखर्चाच्या नोंदीसारखे वाटू लागले.

तो हिशेब काहींना त्या काळीही सहन झाला नसावा. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीनदा येते. तिच्यावरून पुढे ज्यू धर्मशास्त्राने मांस आणि दूध पूर्ण वेगळे केले, भांड्यांसकट. कारण काय, यावर बारा-तेराव्या शतकांतल्या मायमोनिडीजने तर्क केला की ही मूर्तिपूजकांची चाल असावी, म्हणून मनाई. मला हा तर्क कोरडा वाटतो. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात अब्राहम दारी आलेल्या पाहुण्यांपुढे दही, दूध आणि वासराचे मांस एकत्र ठेवतो, आणि भाष्यकारांना पुढे त्याची बाजू सावरावी लागते.

आपल्याकडेही ही रेघ आहे. चरकसंहितेच्या विरुद्ध आहारात पाळीव आणि पाणथळ जागच्या प्राण्यांचे मांस दुधाबरोबर खाण्याला मनाई आहे. आजी चरकाचे नावही न घेता म्हणायची, “मटणावर दूध पिऊ नये रे, अंगावर पांढरं उठतं.” पण तीच मटणाला दही चोळून ठेवायची. काश्मीरने ही रेघ सरळ ओलांडली: आब गोश्त दुधात, यखनी दह्यात, आणि वाझवानच्या शेवटी येणारा गोश्ताबा, म्हणजे लाकडी हातोड्याने चरबीसह कुटलेल्या मांसाचे गोळे, तोही दह्यात. तिथले दही मात्र बहुधा गाईचे, म्हणून माझा कळपाचा हिशेब श्रीनगरपर्यंत पोचत नाही.

महाराष्ट्रात तर मेंढ्या भरपूर, पण असा पदार्थ माझ्या पाहण्यात नाही. दख्खनी मेंढी पाळली जाते ती मांसासाठी, लोकरीसाठी आणि शेतात बसवून मिळणाऱ्या लेंडीखतासाठी. सांगोल्याजवळ एका रानात मेंढ्या बसलेल्या होत्या, तेव्हा मेंढपाळाला दुधाचे विचारले. तो म्हणाला, “च्यापुरतं काढतो की. बाकीचं कोकराचं. त्याचंच हाय ते.”

चौथ्या खेपेला दही फाटले नाही. घरी सगळ्यांनी दोनदा वाढून घेतले, मग मी नावाचा अर्थ सांगितला. बायकोने घास खाली ठेवला.

“जेवण झाल्यावर सांगितलं असतंत तर?”

“पण आई, दही गाईचं आहे,” मुलगी म्हणाली. “ती कुठे या कोकराची आई?”

“कुणाची तरी आहेच ना,” बायको म्हणाली, आणि तिने भातावर रश्श्यातले नुसते कांदे घेतले.