शाळेची शिदोरी

विद्यार्थ्यांच्या दप्तरांत पुस्तकें असतात, तशीच घरची शिदोरीही असते. पुस्तकांविषयीं अशा अंकांतून पुष्कळ लिहिलें जातें. शिदोरीच्या वांट्यास मात्र तें भाग्य सहसा येत नाहीं. म्हणून तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिदोरी म्हणजे टिकणारें अन्न. आमच्या लहानपणीं, म्हणजे १९९० च्या सुमारास, नगर जिल्ह्यांतील खेड्यांतून कोस-दीड कोस पायीं शाळेला येणारीं मुलें फडक्यांत ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची अथवा कारळ्याची चटणी आणि एखादा कांदा बांधून आणीत. सकाळीं थापलेली भाकरी दुपारीं खावयाची असे. हा बेत केवळ गरिबीनें ठरविलेला नव्हता. त्यांत पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव सांठलेला होता. अन्न नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंना वाढण्यास ओलावा लागतो. कोरड्या चटणींत तो फारच थोडा असतो, आणि जो असतो तोही मीठ बांधून ठेवतें. वाट लांबची असली म्हणजे पाण्याऐवजीं दुधांत पीठ भिजवून दशम्या करीत. दुधांतील स्निग्धांशामुळें दशमी भाकरीइतकी लवकर कडक होत नाहीं.

ज्या घरीं पितळी डबा असे, तेथें कल्हईकडे लक्ष ठेवावें लागे. ताक, चिंच ह्यांसारख्या आंबट पदार्थांत पितळेंतील तांबें उतरतें व अन्न कळकतें. कथिलाचा पातळ थर तें होऊं देत नाहीं. पुढें स्टीलचे डबे घरोघर आले आणि ही काळजी मिटली. परंतु घट्ट झांकणाच्या डब्याबरोबर दुसरी काळजी आली. कढत भाजी डब्यांत भरून झांकण लावलें कीं आंतल्या वाफेचें पाणी होतें. ५ ते ६० अंश सेल्सियस ह्या उष्णतामानांत ओल्या अन्नांत जंतु झपाट्यानें वाढतात. यास्तव पालकांस आमची विनंती आहे कीं, भाजी ताटांत पसरून निववावी व मगच डबा भरावा. भाताविषयीं तर विशेष जपावें. कारण तांदळांत आढळणाऱ्या एका जातीच्या जंतूंचीं बीजें शिजविल्यानेंही मरत नाहींत.

हा झाला शिदोरीचा एक गुण. दुसरा गुण आम्हांस अधिक मोलाचा वाटतो: ती वाटून खावयाची असते. गोपाळकाल्याच्या कथेंत सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र होतात. शुभवर्तमानांतही पांच भाकरी व दोन मासळ्या बाळगणाऱ्या मुलाची शिदोरी सर्वांच्या उपयोगीं पडते.

आमच्या वर्गांत एक मुलगा होता. मधल्या सुट्टीची घंटा झाली कीं तो हापशावर पाणी पिई आणि दूर चिंचेखालीं जाऊन बसे. विचारलें तर "भूक नाहीं" म्हणे. गुरुजींच्या तें ध्यानांत आलें. त्यांनीं त्याला कांहीं विचारलें नाहीं, कीं आम्हांला उपदेश केला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सर्वांचीं फडकीं एका सतरंजीवर सोडावयास लाविलीं, भाकऱ्यांचे तुकडे एका परातींत केले, आणि वाढण्याचें काम त्या मुलाकडे दिलें. कोणाची भाकरी कोणती हें ओळखूं येईना. वाढणारा शेवटीं आमच्याच पंक्तीला बसला व पोटभर जेवला.

अशा मुलांची गरज पुढें सरकारनेंही ओळखली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं प्राथमिक शाळांसाठीं राष्ट्रीय पोषण-आहार योजना सुरू झाली. आरंभीं अनेक राज्यांत दरमहा ३ किलो धान्य घरीं दिलें जाई. २८ नोव्हेंबर १९०१ नव्हे, तर शतक उलटल्यावर, २००१ च्या त्याच दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्न देण्याचा आदेश दिला. आज पहिली ते पांचवीच्या मुलाला दररोज ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनें, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिनें मिळावींत असें प्रमाण आहे. मात्र ही राष्ट्रीय योजना आठवीपाशीं थांबते. नववी-दहावीच्या मुलाची भूक आठवीच्या निकालाबरोबर संपत नाहीं. तेथून पुढें घरची शिदोरी आणि सोबत्याचें मन हींच उरतात.

विद्यार्थिमित्रहो, भाकरी आणली म्हणून कोणी डबा झांकून खाऊं नये. ज्या ज्वारी-बाजरीची लाज वाटते, त्या भरड धान्यांच्या गौरवार्थ संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें सबंध वर्ष पाळिलें. आणि मधल्या सुट्टींत कोणी एकटाच पाण्याच्या नळाकडे वळत असेल, तर त्याला कारण विचारूं नका. आपला डबा उघडा, त्याच्या हातीं द्या, आणि "वाढ बरें" एवढेंच म्हणा.