आरोग्यसेविका व्हायचे की अधिपरिचारिका?

बारावीचा निकाल लागला की गावोगावी 'नर्सिंगला प्रवेश सुरू'च्या पाट्या झळकतात. मालेगाव, रिसोड, मानोऱ्याकडच्या वस्त्यांतून, सोयाबीनच्या मजुरीवर जगणाऱ्या घरांतून आपल्या मुली त्या पाट्या पाहून प्रवेश घेतात. कोणत्या अभ्यासक्रमाला, हे मात्र पाहिले जात नाही. घरात एकच शब्द असतो, 'नर्सिंग'.

या एका शब्दात तीन वेगळ्या वाटा आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, त्यातून उपकेंद्रावरची आरोग्यसेविका होता येते. जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. नोंदणीकृत परिचारिका म्हणून नाव लागते ते या शेवटच्या दोहोंनंतर, आणि सरकारी दवाखान्यातली अधिपरिचारिकेची जागाही त्यांनाच. आपल्या मुलींना मात्र 'जवळ आहे, लवकर संपते' म्हणून ए.एन.एम.कडे वळवले जाते. बी.एस्सी.ला भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन बारावी आणि सामायिक प्रवेश परीक्षा लागते, हे खरे, पण जी.एन.एम. कला शाखेच्या मुलीलाही इंग्रजीसह 40 टक्के गुणांवर करता येते, हे किती पालकांना ठाऊक आहे? पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक करून तीच मुलगी बी.एस्सी. होते. ए.एन.एम. झालेल्या मुलीलाही जी.एन.एम.चे दार उघडे आहे.

आणि सहा महिन्यांत, वर्षभरात 'नर्स' बनवून देणारे वर्ग? त्या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषद नोंदणी करीत नाही. 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्यानुसार नोंदणी होते ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचीच. जी.एन.एम.ची परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, बी.एस्सी.ची पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. पैसे भरण्याआधी एवढे विचारले तरी फसवणूक टळेल.

नोंदणीचा एवढा आग्रह का? गावगाड्यात बाळंतपण कोण करीत होते ते आठवा. सुईणपण आपल्याच मायमाउल्यांच्या माथी होते. नाळ कापायची आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून पायलीभर दाणे घ्यायचे! कौशल्य होते, पण नाव कोणत्याही रजिस्टरात नव्हते. सावित्रीमाईंनी 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेतले आणि त्याच साथीत 10 मार्चला प्राण सोडला. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भरपगारी रजेची बाजू मांडली. या वारशातली मुलगी खासगी दवाखान्यात बिननोंदणीची, मिळेल त्या पगारावर राबणार असेल, तर ते नव्या रूपातले बलुतेच होय.

पैशाची अडचण मोठी आहे. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जातीच्या मुलीला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यावर असेल तर फी माफीची सवलत. बाहेरगावी राहण्यासाठी स्वाधार योजना आहे. पण संस्थाचालकाच्या कोट्यातून प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती गेली. एजंट हे सांगत नाही.

दुसरी अडचण जात वैधता प्रमाणपत्राची. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तरी पडताळणी समितीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' असते आणि आजोबांची नोंद जुन्या कोतवाल बुकात 'महार' अशी मिळते. ती नोंद तहसिलीतून काढण्यात महिने जातात. विज्ञान शाखेच्या मुलीने अकरावीतच हे काम सुरू करावे. प्रवेशाच्या तोंडावर धावपळ केली की जागा हातची जाते.

वाशिमला 2024 साली 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला, त्यानंतर 26 वर्षांनी. त्याच्या वॉर्डांत अधिपरिचारिका लागणारच. त्या जागा कंत्राटी न भरता कायम भराव्यात, ही मागणी संघटनांनी आताच लावून धरली पाहिजे. आणि रविवारी विहारात वंदना झाल्यावर तासभर एखाद्या शिकलेल्या पोराने टेबल मांडून बसावे. दाखले तपासावे, अर्ज भरून द्यावेत. जयंतीच्या वर्गणीतून झेरॉक्सचा खर्च सहज निघेल.