मोटारगाडीच्या वेगाचे अनुमान (जुन्या गाड्या)

मोटारगाडीच्या एंजिनाचे दर मिनिटास होणारे फेरे, दंतचक्रांची गुणोत्तरे आणि टायरचा घेर या तीन राशी ज्ञात असल्यास गाडीचा वेग प्रत्यक्ष न मोजताही गणिताने काढता येतो. वेगमापक बंद पडलेल्या किंवा त्यावर विश्वास ठेवता येत नाही अशा जुन्या गाडीच्या बाबतीत या रीतीचा विशेष उपयोग होतो. घाटात कोणता गिअर वापरावा व कोणत्या वेगापर्यंत एंजिनास धोका नाही, हेही तिच्यावरून ठरविता येते.

एंजिनाच्या भुजादंडाचे फेरे गिअरपेटीत व नंतर मागील आसावरील पिनियन व क्राउन चक्र यांच्या जोडीत कमी होतात. घेर मीटरांत (घ), दर मिनिटाचे फेरे (फ), गिअरचे गुणोत्तर (ग) व आसाचे गुणोत्तर (अ) मानल्यास, ताशी किलोमीटरांतील वेग = ०·०६ × घ × फ ÷ (ग × अ) असा मिळतो. सूत्र सोपे आहे. चूक होते ती बहुधा घेर धरण्यात.

मुंबईतील कुर्ला येथील प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात पूर्वी तयार झालेली फियाट ११०० डिलाइट (१९६४) व तिचीच पुढील आवृत्ती असलेली प्रीमिअर पद्मिनी (१९७४ पासून) ही महाराष्ट्रातील सर्वपरिचित गाडी उदाहरणासाठी सोयीची आहे. तिचे एंजिन १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे असून मिनिटास ४,८०० फेऱ्यांना ते सु. ४० अश्वशक्ती देते. गिअरांची गुणोत्तरे अनुक्रमे ३·८६, २·३८, १·५७ व १ अशी आहेत. पिनियनला १० व क्राउन चक्राला ४३ दाते असल्याने आसाचे गुणोत्तर ४·३ होते. मूळ टायर ५·२०–१४ या मापाचा आहे. यातील पहिला आकडा टायरची रुंदी व दुसरा चाकाच्या कड्याचा व्यास, दोन्ही इंचांत, दर्शवितो. उंचीचा आकडा या जुन्या पद्धतीत दिलेलाच नसतो. अशा टायरची उंची रुंदीहून किंचित कमी असते; ती रुंदीच्या ०·९५ पट धरल्यास बाह्य व्यास सु. ६०७ मिमी. व घेर सु. १·९१ मी. येतो. परंतु गाडीच्या भाराने टायर खाली दबतो, त्यामुळे एका फेऱ्यात गाडी सु. ३ टक्के कमी, म्हणजे १·८५ मी. इतकीच पुढे जाते. सूत्रात हाच अंक घ्यावयास हवा.

त्यावरून चौथ्या गिअरमध्ये एंजिनाच्या दर हजार फेऱ्यांस ताशी २५·८ किमी., तिसऱ्यात १६·४, दुसऱ्यात १०·८ व पहिल्यात ६·७ किमी. वेग मिळतो. ४,८०० फेऱ्यांना चौथ्या गिअरमधील वेग ताशी सु. १२४ किमी. होतो. गाडी खरोखर तितकी धावेल, असे मात्र हे गणित सांगत नाही. हवेचा रोध ओलांडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते व थकलेल्या एंजिनाला ती पुरविता येत नाही.

कळवण तालुक्यातील नांदुरीहून सप्तशृंग गडावर जाणाऱ्या घाटरस्त्यावर या अंकांचे महत्त्व उतरताना कळते. पद्मिनीचे ब्रेक चारही चाकांवर ड्रम प्रकारचे आहेत. लांब उतारावर ते सतत दाबून धरल्यास तापतात व त्यांची पकड कमी होते. ताशी ३० किमी. वेगाला चौथ्या गिअरमध्ये एंजिन मिनिटास सु. १,१६० फेरे करते आणि गाडीला फारसे रोखत नाही. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ते सु. २,७७० फेरे करते व एंजिनाचा रोध कितीतरी अधिक मिळतो. उलट दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ताशी ६० किमी.पर्यंत सुटू दिल्यास फेरे ५,५०० च्या वर जातात व एंजिनास इजा होऊ शकते. पेट्रोल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी उतारावर सोडणाऱ्यांना यांपैकी कोणताच आधार उरत नाही.

डोंगराळ भागात एकेकाळी सर्रास दिसणाऱ्या महिंद्र सीजे–३बी जीपचे गणित वेगळे आहे. तिच्या क्राउन चक्रालाही ४३ दातेच आहेत, पण पिनियनला ८ आहेत. त्यामुळे गुणोत्तर सु. ५·३८ होते. ६·००–१६ टायरचा भारित घेर २·१५ मी. धरल्यास सरळ गिअरमध्ये हजार फेऱ्यांस ताशी २४ किमी. वेग येतो. पहिला गिअर (२·८) व जोडपेटीतील मंद गती (२·४६) एकत्र वापरल्यास तो ३·५ किमी.वर, म्हणजे माणसाच्या चालीखाली येतो. चिखलातून वा खडकाळ चढावरून वाट काढण्यास हीच गती उपयोगी पडते.

आसाचे गुणोत्तर ठाऊक नसल्यास मागचे एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे उचलावे, पुढची चाके नीट अडवावीत व गिअर काढून उचललेले चाक हाताने फिरवावे. एक चाक स्थिर असता विभेदी चक्रांमुळे फिरणारे चाक क्राउन चक्राच्या दुप्पट फिरते. म्हणून चाकाच्या २० फेऱ्यांत चालक दंडाचे ४३ फेरे झाले, तर गुणोत्तर ४·३ समजावे. दुपटीचे भान न ठेवल्यास उत्तर निम्मे येते. घेर मोजण्यासाठी टायरवर व रस्त्यावर खडूने खूण करून, चालक आत बसलेला असताना, गाडी सपाट जागी चाकाच्या दहा फेऱ्यांइतकी ढकलावी व अंतर टेपने मोजावे. हे मोजमाप कोष्टकापेक्षा अधिक भरवशाचे असते, कारण टायरची झीज व हवेचा दाब दोन्ही त्यात आपोआप धरले जातात. ६ मिमी. झीज झाली, तरी पद्मिनीचा घेर सु. २ टक्के घटतो.

वेगमापकाची केबल गिअरपेटीपासून निघत असल्याने त्याला टायरमधील बदल कळत नाही. पद्मिनीला १७५/६५ आर १४ हे आजचे टायर बसविल्यास व्यास सु. ५८३ मिमी. होतो आणि वेगमापक ६० दाखवीत असता खरा वेग सु. ५८ असतो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या व मोठा फेरबदल न केलेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली असली, तरी हौशी मालकांकडे ती टिकून आहे.

उत्तराचा पडताळा किलोमीटरच्या दगडांवरून घेता येतो. एक किमी. अंतरास लागलेल्या सेकंदांनी ३,६०० ला भागल्यास ताशी वेग मिळतो. फेरे मोजण्याचे उपकरण २,००० दाखवीत असता पद्मिनीला चौथ्या गिअरमध्ये एका किलोमीटरला सु. ७० सेकंद लागावेत. सपाटीवर हा मेळ बसत असून चढावर त्याच फेऱ्यांना ७५ ते ८० सेकंद लागत असतील, तर क्लच घसरत आहे असे समजावे.