नकाशा भिंतीवरून जमिनीवर

प्राथमिक शाळेत भूगोल कोठून सुरू करावा, या प्रश्नाला ‘जवळून दूर’ हे उत्तर मिळून अडीच शतके उलटली आहेत. फ्रेंच विचारवंत रूसो याने १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ या ग्रंथात मुलाचा भूगोल त्याच्या राहत्या गावापासून सुरू व्हावा असे सांगितले आणि त्या परिसराचा नकाशा मुलाने स्वतः काढावा, असेही सुचविले. यांपैकी पहिली सूचना अभ्यासक्रमांत रुजली. दुसरी मात्र बहुधा मागेच राहिली.

महाराष्ट्रात १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने तिसरीसाठी जिल्हानिहाय ‘परिसर अभ्यास’ची पुस्तके काढली, ही या तत्त्वाची मोठी दखल होय. तरीही जिल्हा ही प्रशासनाची सोय असते, मुलाच्या अनुभवाची मर्यादा नव्हे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा मोखाड्याच्या मुलाचा डोंगर, ओढा आणि आठवडी बाजार जागच्या जागी राहिले आणि जिल्हा तेवढा पालघर झाला.

खरी अडचण परिसर आणि नकाशा यांच्यामध्ये आहे. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इनहेल्डर यांनी १९४८ मधील आपल्या ग्रंथात दाखविले की, लहान मुलाला दुसऱ्या जागेवरून दृश्य कसे दिसेल हे सांगणे अवघड जाते. नकाशा तर त्याच्याकडून थेट आकाशातून पाहण्याची अपेक्षा करतो आणि त्यावर प्रमाण, म्हणजे नकाशावरील व जमिनीवरील अंतरांचे गुणोत्तर, आणि सूची, म्हणजे चिन्हांचा अर्थ सांगणारी चौकट, यांचे ओझे घालतो.

त्यातच नकाशा भिंतीवर टांगला की उत्तर म्हणजे ‘वर’ असा समज होतो आणि उत्तरेकडे वाहत तापीला मिळणारी गिरणा चढ चढते की काय, अशी शंका मुलांना येते. गोदावरी अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर उगम पावूनही सुमारे १,४६५ किलोमीटर पूर्वेकडे जाते, याचे कारण पठाराच्या उतारात आहे, कागदाच्या वर-खाली असण्यात नाही. म्हणून नकाशा जमिनीवर पसरून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवावी. त्यासाठी उगवतीवर विसंबणे पुरेसे नाही, कारण सूर्य नेमका पूर्वेला साधारण २१ मार्च व २३ सप्टेंबर या सुमारासच उगवतो. उभ्या काठीची दिवसातील सर्वांत आखूड सावली मात्र उत्तर-दक्षिण रेषा दाखविते. संपूर्ण राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने वर्षातून दोनदा भर माध्यान्ही ही सावली नाहीशी होते, हाही मैदानावरचाच धडा ठरतो.

त्यानंतर मुलांनी पावले मोजून शाळेच्या आवाराचा आराखडा काढावा. उंच मुलाची वीस पावले आणि ठेंगण्याची सव्वीस, असे होऊन एकाच आवाराचे दोन आराखडे जुळत नाहीत, तेव्हा प्रमाणाची व्याख्या सांगण्याआधीच त्याची गरज वर्गाला पटलेली असते.